मास्तरांची ट्रंक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पत्र दिले त्यात विषय लिहिला होता, "आंबेडकरी चळवळीत गायन पार्ट्यांचे योगदान". विषय फार मोठा आहे. त्यावर प्राध्यापक मंडळींनी बोलावे. मी नववी नापास गिरणी कामगार. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि मोर्चात झाले. तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय जरा लहान केला आहे. विहाराच्या मागच्या खोलीत, ग्रंथांच्या कपाटाशेजारी, एक हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक ठेवली आहे. येणारे जाणारे विचारतात, यात काय आहे? एकाने तर विचारले, निवडणुकीची जुनी पत्रके का? नाही. त्यात कॅसेटी आहेत. मोजून १८७. त्या ट्रंकेबद्दल आज मी बोलणार आहे, कारण तिचे काय करायचे यावर आपल्यात दोन तट पडले आहेत आणि गोष्ट कानगोष्टीत चालण्यापेक्षा समोरासमोर बोललेली बरी.

ट्रंक मास्तरांची. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने मास्तरांना पाहिले आहे. ते काही शाळामास्तर नव्हते. ढोलकी शिकवायचे म्हणून मास्तर. २०२१ साली ते गेले, तेव्हा करोनाच्या धाकाने आपण धड वीस माणसेही जमू शकलो नाही, ही खंत आहे. ते लूमखात्यात विणकर होते. ज्यांनी लूमखाता पाहिला नाही त्यांना सांगतो, तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलावे लागे. शेकडो साचे एकदम चालायचे, धोटा इकडून तिकडे आदळायचा, जमीन हलायची. आठ तासांची पाळी, वर्षानुवर्षे. मास्तर म्हणायचे, माझा पहिला ठेका साच्याने शिकवला. खरे असेल. पण त्याच साच्याने त्यांचे कानही खाल्ले. मोठ्या आवाजात वर्षे काढलेल्या माणसाचे आधी बारीक, टिपेचे आवाज जातात. खर्ज ऐकू येतो, टीप येत नाही. आता ढोलकीचे पाहा. डाव्या बाजूचा घुमारा त्यांना नीट ऐकू यायचा. उजव्या बाजूला, शाईच्या पुडीवर, बोटाने जो कडक 'ना' वाजतो तो त्यांना अर्धामुर्धाच ऐकू यायचा. ढोलकी सुरात लागली की नाही, हे ते पेटीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचे!

म्हणून त्यांनी टेप घेतला. हे नीट ध्यानात घ्या. इतिहास जपावा, दस्तऐवज करावा, असे काही त्यांच्या मनात नव्हते. चाळीतला एक माणूस आखातातून परतला, त्याने आणलेला टू-इन-वन मास्तरांनी हप्त्याने विकत घेतला. कशासाठी? तर वाजवलेले नंतर मोठ्या आवाजात, कान स्पीकरला लावून ऐकायचे आणि उजवा हात कुठे चुकला ते शोधायचे. कामगाराने आपल्या बधिर झालेल्या कानावर काढलेला तो इलाज होता. पहिली कॅसेट १९७९ सालची आहे. शेवटची १९९६ ची.

बीडीडी चाळीतली खोली म्हणजे १६० चौरस फूट. त्यात मास्तरांचे सात माणसांचे कुटुंब. रविवारी दुपारी किंवा एखाद्या कार्यक्रमानंतर रात्री पार्टीतली मंडळी तिथे जमायची. पेटी, बॅन्जो, झांज, दोन कोरसवाले, गाणे लिहिणारा एक शीघ्रकवी. मास्तरांनी ठराव करून टाकला होता. टेप चौपदरी घोंगडीवर ठेवायचा, म्हणजे जमिनीची थरथर आत जात नाही. गाणारा टेपच्या जवळ, पेटी त्याच्या मागे आणि ढोलकी पार दरवाज्यात, उंबऱ्यापाशी. कारण ढोलकी जवळ आली की बाकी सगळे बुडते. म्हणजे जो माणूस स्वतःचे वाजवणे ऐकायला टेप करत होता तोच सगळ्यांत लांब बसायचा. मोरीतले पाणी बंद, पोरे गॅलरीत. तरी सगळे आत आलेच आहे. स्टोव्हचा आवाज, कुकरची शिट्टी, तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मारलेली हाक, पाळी सुटल्याचा भोंगा. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, त्यानंतरच्या कॅसेटींत भोंगा हळूहळू नाहीसाच होतो. माझ्यासारख्याला ते ऐकताना अंगावर काटा येतो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, माझे वडीलही संपात होते. घरात चहा बंद झाला होता एवढे मला आठवते. पण भोंगा बंद झाल्याचे ऐकू येते ते या ट्रंकेत.

आता लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा, यात वामनदादा आहेत का? प्रल्हाद शिंदे आहेत का? विठ्ठल उमप आहेत का? बंधूंनो, नाहीत. हे मोठे लोक. वामनदादा कर्डकांनी मुंबईत येऊन, गिरणीत काम करून, मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि गावोगावच्या गायकांच्या तोंडात आपली गाणी दिली. ते आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच गेले. त्यांचे आवाज कंपन्यांच्या कॅसेटींत आहेत, आकाशवाणीवर होते, आता मोबाईलवरही सापडतात. या ट्रंकेत जे आहेत त्यांचे आवाज दुसरीकडे कुठेच नाहीत. एक गोदीत होता, एक महापालिकेच्या सफाई खात्यात, एक बेस्टमध्ये, बाकीचे गिरणीत. त्यांनी एकही कॅसेट काढली नाही. जयंतीला, परिनिर्वाणदिनाला, बारशाला, पुण्यानुमोदनाला रात्र रात्र गायले आणि सकाळी सातच्या पाळीला गेले.

आणि आवाज जातो म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या समाजाला आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे घेऊन गावेच्या गावे जागी केली. त्यांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून आपल्याला आज माहिती तरी आहे. पदे छापून उरली. पण ढोलकी कशी वाजत होती, सवाल टाकल्यावर जमावातून हुंकार कसा येत होता, ते कागदावर कसे उतरणार? दुसरे उदाहरण. शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मेली, आणि चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. हा माणूस गातो कसा हे आजच्या पोरांना दिसते ते आनंद पटवर्धनांनी आधी 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटासाठी त्यांचे गाणे टिपून ठेवले होते म्हणून. पुढे 'जय भीम कॉम्रेड' आला २०११ साली. टिपले नसते तर वृत्तपत्रातली चार ओळींची बातमी उरली असती.

असो. ट्रंकेत काय आहे ते सांगतो.

पूर्ण गाणी कमी आहेत. अर्धवट गाणी जास्त. एकच कडवे सात वेळा. चाल बसत नाही, थांबतात, चहा येतो, पुन्हा. एका कॅसेटमध्ये मास्तर आणि पेटीवाले यांचे चांगलेच वाजले आहे. गाणे धम्मदीक्षेवरचे. पेटीवाल्यांना ठेका चढा हवा, लोक नाचले पाहिजेत म्हणून. मास्तर म्हणतात, "मिरवणुकीत वाजवीन तुला पाहिजे तसा. पण दीक्षेच्या गाण्याला लावणीचा ठेका दिलास तर माणूस पायाने ऐकतो, कानाने ऐकत नाही." पेटीवाले म्हणतात, "अरे, आधी पाय तर येऊ दे मंडपात, कान मागनं येतील!" मला विचाराल तर दोघांचेही खरे आहे. आणि आज डीजेच्या भिंतीपुढे उभे राहून मला पेटीवाल्यांचा राग येतो, हेही खरे.

दुसरी एक कॅसेट. रमाईवरचे नवे गाणे. कवी महाशयांनी लिहिले होते की माऊलीने सगळे मुकाट्याने सोसले. गाणे रंगात आले आहे, तेवढ्यात मोरीच्या बाजूने बाईचा आवाज येतो. "मुकाट्यानं सोसलं म्हनता, तुमी बघायला होता का वं? शेण्या थापून घर चालवनारी बाई मुकी असती व्हय?" ढोलकी थांबते. कुणी काही बोलत नाही, नुसता स्टोव्हचा आवाज. मग मास्तर म्हणतात, "बदल." कवी कुरकुरतो, यमक मोडते म्हणतो. मास्तर पुन्हा म्हणतात, "यमक मोड, शब्द बदल." पुढच्या रविवारच्या कॅसेटमध्ये तो शब्द नाही. ते गाणे आपल्या महिला मंडळात आजही म्हणतात, बदललेल्या शब्दानेच. कुणी बदलला हे कुणाला ठाऊक नव्हते. त्या बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी, आपल्या मावशी. त्या समोर तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. मावशी, खाली बघू नका. कुठल्याही कॅसेट कंपनीच्या स्टुडिओत असे झाले नसते, कारण तिथे मोरीच्या बाजूला कुणी बाई बसलेली नसते.

कंपनीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एका कंपनीने या पार्टीच्या चाली उचलल्या, दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतल्या आणि कॅसेट चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवर सर्रास विकली. कंपनीचे नाव घेत नाही, ती आता राहिलीही नाही. मास्तरांनी ती कॅसेट विकत घेतली, स्वतःच्या पैशाने. ट्रंकेत आहे. कव्हरवर गायकाचा फोटो, ढोलकी कुणाची ते लिहिलेले नाही. मास्तरांनी पेन्सिलीने आतल्या कागदावर लिहिले आहे, "चाल आमची. ढोलकी बरी आहे." एवढेच!

आता माझा स्वतःचा गुन्हा. हे मी कधी जाहीर बोललो नाही. १९९४ साली मी चोवीस वर्षांचा होतो, बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो होतो. माझ्याकडे टेप नव्हता म्हणून मास्तरांकडे जायचो. त्या साली एका सिनेमाची गाणी फार गाजली होती. मला ती भरून हवी होती आणि कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. ट्रंकेतली एक उचलली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान पाकळ्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. मास्तरांनी त्या मोडलेल्या होत्या. म्हणजे हिला हात लावू नका, असे त्यांनी सांगूनच ठेवले होते. मी त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला आणि साठ मिनिटे सिनेमा भरला. ती बैठक गोदीतल्या गायकाची शेवटची होती. पुढच्याच महिन्यात ते वारले होते. हे मला नंतर कळले. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त लेबलावरचे जुने अक्षर खोडले आणि स्वतःच्या हाताने लिहिले, "सिनेमाची गाणी", आणि तारीख. ते लेबल आहे. क्रमांक ११२. तुम्ही केव्हाही येऊन बघा. मी दर रविवारी या कॅसेटींसाठी येतो ते काही समाजसेवा म्हणून नव्हे.

२००५ च्या २६ जुलैला पाणी भरले तेव्हा ट्रंक तळमजल्यावर होती. खालचा थर भिजला. आम्ही शहाण्यांनी काय केले, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडताच कॅसेटी गच्चीवर वाळत घातल्या, पापडासारख्या. अकरा कॅसेटींची प्लॅस्टिकची घरे वाकली, काहींची फीत चिकटली. उन्हात घालायच्या नसतात हे मला फार उशिरा वाचून कळले. घाण पाण्यात भिजलेली फीत आधी स्वच्छ पाण्यात, शक्यतो डिस्टिल्ड वॉटरमध्ये, हलक्या हाताने धुवायची, सावलीत पंख्याच्या वाऱ्याखाली सावकाश वाळवायची, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय टेपमध्ये घालायची नाही. प्लॅस्टिकच्या फितीवर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी चिकटवलेली असते, आवाज त्या भुकटीत असतो. भुकटी सुटली की आवाज गेला.

आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मला वेळच वेळ झाला. मास्तर गेल्यावर मावशींनी ट्रंक विहारात आणून दिली, कारण चाळ पाडायची वेळ आली होती आणि संक्रमण शिबिरात जागा नव्हती. तेव्हापासून अभ्यासवर्गातल्या चार मुली आणि मी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवतो आहोत. काम सोपे आहे पण घाईचे नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तिला पळवता येत नाही. प्रत्येक कॅसेटनंतर टेपचे हेड स्पिरिटने पुसायचे. आतली स्पंजची गादी गळून पडली असेल तर दुसऱ्या कॅसेटची काढून बसवायची. जुन्या चिकटवलेल्या घराचे स्क्रूच नसतात, तेव्हा घर ब्लेडने उघडून फीत स्क्रूवाल्या घरात घालायची. मुलींचे हात या कामात माझ्यापेक्षा चांगले आहेत, माझ्या बोटांना साच्याची सवय. मूळ ध्वनी मोठ्या फाईलमध्ये, काहीही साफसफाई न करता ठेवतो आणि मोबाईलवर ऐकण्यापुरती लहान फाईल वेगळी करतो. दोन हार्डडिस्क आहेत, एक विहारात आणि एक एका मुलीच्या घरी, विरारला. पाणी पुन्हा भरेलच. आजवर १३४ झाल्या.

मध्यंतरी वाचनात आले की अमेरिकेतला काळा वादक लुई आर्मस्ट्राँग, ट्रम्पेटवाला, हाही असाच टेप घेऊन बसायचा. जगभर नाव झालेला माणूस, पण घरी मित्रांशी गप्पा, थट्टा, वाजवणे सगळे टेपवर, आणि टेपच्या खोक्यांवर कात्रणे व फोटो चिकटवून सजावटही स्वतःच करायचा. अशी साडेसहाशेच्या आसपास रिळे निघाली. तो १९७१ साली वारला आणि न्यूयॉर्कमधले त्याचे घर २००३ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडे आहे. आपल्या मास्तरांचे घर तर पाडले गेले. पण खोकी आहेत.

आता तटांचा विषय. काही बांधवांचे म्हणणे, सगळे एकदम मोबाईलवर टाकून द्या. दुसरे म्हणतात, काही कॅसेटी पुसून टाका. कारण त्यांत दारू प्यालेल्या माणसांचे बोलणे आहे, शिव्या आहेत, आणि एका कॅसेटमध्ये आपल्याच एका पुढाऱ्याला, पक्ष फुटला त्या दिवसांत, जे बोलायचे ते बोललेले आहे. विहारात पंचशील म्हणायचे आणि शेजारच्या कपाटात हे ठेवायचे, हे शोभते का, असा सवाल आहे. सवाल रास्त आहे. मी माझे मत सांगतो, निर्णय समितीने करावा. पुसू नये. एक मी पुसली आहे, तेवढी पुरे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला संगीती भरली, तेव्हा विनय कुणी सांगितला? उपालीने, न्हाव्याच्या कुळातल्या भिक्खूने. धम्म आनंदाने सांगितला, आणि त्याच सभेत आनंदाच्या चुकाही काढल्या गेल्या. त्या चुका आपल्याला माहीत आहेत, कारण सांगणाऱ्यांनी त्या गाळल्या नाहीत. दारू पिणारे ते गायक दारूच्या विरुद्ध गाणी गात होते, ही गोष्ट लपवून आपल्याला काय मिळणार? त्यातल्या एकाने पुढे सोडली, तेही टेपवर आहे, आणि त्याचा मुलगा आज या सभागृहात आहे.

पण सरसकट मोबाईलवर टाकायलाही माझा विरोध आहे. हे घरात बसून, दार लोटून बोललेले आहे. ज्या घरचा माणूस बोलतो त्या घरी आधी ऐकवावे, त्यांनी हो म्हटले तर पुढे जाऊ द्यावे. आतापर्यंत नऊ घरी आम्ही गेलो. आठ घरांनी हो म्हटले. नवव्या घरच्या बाईंनी वडिलांचा आवाज ऐकला, रडल्या, आणि नको म्हणाल्या. त्यांचे 'नको' वहीत लिहून ठेवले आहे, कॅसेट ट्रंकेत आहे.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील त्यांना विनंती, त्या घरच्या जुन्या टेपवर लावून बघू नका, फीत गुंडाळली जाईल. रविवारी वंदनेनंतर इथे घेऊन या.

शेवटी एक काम आहे आणि ते तुम्हीच करू शकता. क्रमांक ६३, साल १९८४, लेबलावर मास्तरांनी फक्त "नवा माणूस, नायगाव, गळा चांगला" एवढेच लिहिले आहे. साडेतीन मिनिटे एक जण एकट्याने गातो, मागे फक्त ढोलकी. मावशींनाही आठवत नाही. आज इथे नायगावची पुष्कळ मंडळी आली आहेत. आम्ही ती आता लावतो. आवाज ओळखीचा वाटला तर गाणे चालू असतानाच हात वर करा, संकोच करू नका. पंखे जरा बंद करा. लाव गं पोरी.

(यानंतर ध्वनिफीत ऐकविण्यात आली.)